कीर्तीचा विनियोग

१९९४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्वहस्ते लिहिलेल्या पत्राने आपल्या देशबांधवांना कळविले की आपणांस अल्झायमरचा विकार जडला आहे; त्यानंतर चार वर्षांनी मायकेल जे. फॉक्स या लोकप्रिय नटाने, ऐन तारुण्यात निदान झालेला आणि सात वर्षे लोकांपासून लपविलेला आपला पार्किन्सनचा आजार जाहीर केला. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रूस विलिस यांच्या कुटुंबीयांनी, त्यांची वाणी ज्या विकाराने हळूहळू हिरावून घेतली तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, अर्थात मेंदूच्या कपाळामागच्या व कानशिलांजवळच्या भागांचा ऱ्हास करणारा स्मृतिभ्रंश आहे, असे निवेदन प्रसिद्ध केले. अशी वार्ता आली की वृत्तपत्रे तिला पहिल्या पानावर जागा देतात, चित्रवाणीवर मज्जातज्ज्ञांना पाचारण होते, घरोघर हळहळ व्यक्त होते आणि पंधरवड्याच्या आत दुसरी वार्ता तिची जागा घेते. ही हळहळ खोटी असते असे मी म्हणणार नाही. ज्या माणसाला आपण पडद्यावर धावताना पाहिले, त्याला स्वतःच्या मुलीचे नाव आठवू नये, या कल्पनेने ज्याचे मन द्रवत नाही तो मनुष्य विरळा. परंतु हळहळीच्या पलीकडे अशा प्रकटनाचे काही फलित असते काय, आणि असते तर ते कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

माझे मत असे आहे की, नामवंत घराण्याने आपल्या घरातील मेंदूविकार लोकांपुढे मांडला, एवढ्याने त्याचे श्रेय पूर्ण होत नाही. त्या कीर्तीचा विनियोग ज्यांना नाव नाही, पैसा नाही आणि ज्यांची वार्ता कोणीही छापणार नाही अशा कुटुंबांसाठी किती झाला, यावर त्या प्रकटनाचे मोल ठरावयास हवे. हे मत आग्रहाने मांडण्याचे कारण की, असा विनियोग प्रत्यक्ष झाल्याचे, आणि त्याने एका रोगाचा इतिहासच पालटल्याचे, एक उदाहरण आपल्यासमोर आहे. ते हंटिंग्टनच्या रोगाचे.

या रोगाचे वर्णन १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या अमेरिकन वैद्याने केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे वडील आणि आजोबा वैद्यकी करीत असत, आणि त्या तीन पिढ्यांच्या अवलोकनात काही विशिष्ट घराण्यांतील माणसे वारंवार आली होती: मध्यम वयापर्यंत धडधाकट असलेली, मग ज्यांचे हातपाय आपोआप हलू लागत, चाल लटपटे, बुद्धी ढळे आणि अखेर ज्यांना अंथरुणावरून उठणेही अशक्य होई अशी. तरुण हंटिंग्टनने आणखी एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे. ज्यांच्या घराण्यात हा रोग होता ती माणसे त्याच्याविषयी बोलण्याचेच टाळीत, आणि अगदीच नाइलाज झाला तर आडवळणाने उल्लेख करीत. ज्या टिपणाने या रोगाला नाव मिळाले त्यातच त्या रोगाभोवतीच्या मौनाची नोंद व्हावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आज आपणांस ठाऊक आहे की हा दोष चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. त्या जनुकात तीन रासायनिक अक्षरांचा एक गट लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. ही आवर्तने सव्वीसपर्यंत असली तर काही बिघडत नाही, चाळीस किंवा त्याहून अधिक झाली तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या मनुष्यास हा रोग टळत नाही. आई किंवा बाप यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याच्या वाट्यास तो येण्याचा संभव निम्मा. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात. तोवर लग्न झालेले असते, मुले झालेली असतात. पुढे पंधरा-वीस वर्षे ऱ्हास चालू राहतो, आणि तो थांबविणारा इलाज अद्यापि कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही.

वुडी गथ्री हा अमेरिकेचा लोकगायक १९१२ साली ओक्लाहोमा प्रांतातील ओकेमा या गावी जन्मला. त्याची आई नोरा हिच्या वागण्यात त्याच्या बालपणीच फरक पडू लागला होता. तिचे अंग थरथरे, संताप अनावर होई, आणि घरात एकामागून एक आगीचे अपघात घडले, त्यांचाही ठपका गावाने तिच्यावरच ठेवला. १९२७ साली तिची रवानगी नॉर्मन येथील सरकारी वेड्यांच्या इस्पितळात झाली, आणि तेथेच काही वर्षांत तिचा अंत झाला. गावाच्या लेखी ती वेडी होती, आणि मुलाच्या पदरी त्या शब्दापलीकडे काही आले नाही. पुढे हा मुलगा दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर हिंडला, त्यांची गाणी गायिला, १९४० साली त्याने रचलेले 'धिस लँड इज युअर लँड' हे गीत अमेरिकेतील शाळकरी पोरांच्या तोंडी बसले. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याचेही पाय लटपटू लागले. लोक म्हणाले, दारूने झाले. काही डॉक्टरांनीही तेच म्हटले, काहींनी स्किझोफ्रेनिया ठरविला. १९५२ साली खरे निदान झाले. चार वर्षांनी न्यू जर्सीत रस्त्यावर भरकटत असताना पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, आणि ग्रेस्टोन येथील मनोरुग्णालयात तो पुढील पाच वर्षे राहिला. १९६१ च्या जानेवारीत बॉब डिलन हा एकोणीस वर्षांचा एक अपरिचित गायक त्याला भेटावयास गेला. संगीताच्या इतिहासात या भेटीचा उल्लेख वारंवार होतो, परंतु ज्या स्त्रीचा उल्लेख त्याहून अधिक व्हावयास हवा ती मार्जरी होय.

मार्जरी ही वुडीची दुसरी पत्नी. मार्था ग्रॅहॅम यांच्या विख्यात नृत्यसंघात ती नाचत असे आणि पुढे नृत्य शिकवून आपल्या मुलांचे पोट भरीत असे. वुडीच्या वागण्याने संसार अशक्य झाला तेव्हा दोघांनी काडीमोड घेतला, त्याने तिसरे लग्नही केले. तथापि रोगाने त्याला पुरते ग्रासल्यावर त्याची देखभाल मार्जरीनेच केली. इस्पितळातून ती त्याला सुट्टीच्या दिवशी बाहेर आणी, जेवू घाली, मुलांना त्याच्यापाशी बसवी. त्याची वाचा गेली तेव्हा एकावर 'होय' आणि दुसऱ्यावर 'नाही' असे लिहिलेले कागद तिने त्याच्यापुढे धरले, आणि ज्याने आयुष्यात शेकडो गाणी रचली तो मनुष्य आवरत नसलेला आपला हात मोठ्या कष्टाने त्या दोहोंपैकी एका कागदापर्यंत नेऊन उत्तर देऊ लागला. १९६७ च्या ऑक्टोबरात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो वारला.

अशा प्रसंगी थोर माणसाची पत्नी सामान्यतः काय करते? स्मारक उभारते, आठवणींचे पुस्तक काढते, पुतळ्याचे अनावरण करते. मार्जरीने वृत्तपत्रात एक जाहिरात देऊन हंटिंग्टनच्या रोगाने पीडित कुटुंबांना आपल्याशी संपर्क साधण्याचे आवाहन केले. मूठभर माणसांनी प्रतिसाद दिला, आणि त्याच वर्षी हंटिंग्टन रोगाशी लढा देणारी समिती तिने स्थापन केली, जिचे रूपांतर पुढे अमेरिकेच्या हंटिंग्टन्स डिसीज सोसायटीत झाले. गथ्री हे नाव ऐकून ज्या सभागृहाचे दार उघडे, त्या सभागृहात ती गाण्याविषयी थोडे आणि रोगाविषयी पुष्कळ बोले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ती रुग्ण दाखवी, कारण बहुसंख्य डॉक्टरांनी असा रुग्ण डोळ्यांनी कधी पाहिलेला नव्हता, आणि म्हणूनच ते त्याला दारुडा किंवा वेडा ठरवून मोकळे होत. ज्या कुटुंबांना वाटे की ही आपल्याच घराण्याची लज्जा आहे, त्यांना ती दुसऱ्या तशाच कुटुंबाची गाठ घालून देई. ज्याच्या घरात हे आहे अशा दुसऱ्या मनुष्यास एकदा पाहणे, त्याच्याशी तासभर बोलणे, याने जे साध्य होते ते शंभर पत्रकांनी होत नाही.

तिची खरी चतुराई मात्र सरकारदरबारी दिसली. १९७६ साली अमेरिकन काँग्रेसने या रोगाच्या आणि त्याच्या परिणामांच्या नियंत्रणासाठी एक आयोग नेमला. त्याच्या अध्यक्षस्थानी मार्जरी होती, आणि कार्यकारी संचालक म्हणून नॅन्सी वेक्सलर ही तरुण मानसशास्त्रज्ञ. या आयोगाने देशात ठिकठिकाणी जाऊन जाहीर सुनावण्या घेतल्या. जी माणसे आजवर शेजाऱ्यासही बोलली नव्हती, त्यांनी तेथे आपली कैफियत मांडली आणि सरकारी दप्तरात तिची नोंद झाली. नवऱ्याला कोणताही शुश्रूषागृहवाला घेत नाही, नोकरी सुटली, विमा नाही, मुलगी लग्नाची आहे आणि तिला काय सांगावे ते कळत नाही: अशा तक्रारी एकट्यादुकट्या घरात रडगाणे ठरतात, परंतु त्याच तक्रारी शेकड्यांनी, एका अहवालाच्या रूपाने १९७७ साली सरकारपुढे ठेवल्या गेल्या तेव्हा त्यांना पुराव्याचे वजन आले, आणि संशोधनासाठी पैशाची तरतूद करण्यास सरकारला कारण मिळाले.

नॅन्सी वेक्सलरच्या घराचीही कथा अशीच. १९६८ च्या सुमारास लॉस एंजल्समध्ये एका सकाळी तिची आई लिओनोर ज्यूरीच्या कामासाठी न्यायालयाकडे निघाली होती. रस्ता ओलांडताना तिची झोकांडी जाते आहे असे पाहून एक पोलीस ओरडला की, इतक्या सकाळी दारू पिऊन हिंडायला लाज कशी वाटत नाही. लिओनोर दारू प्याली नव्हती; ती स्वतः जीवशास्त्राची पदवीधर होती. तिचे वडील आणि तिघे भाऊ याच रोगाने गेले होते, परंतु हा रोग पुरुषांनाच होतो अशी समजूत त्या घरात होती, आणि त्या समजुतीच्या आश्रयाने तिने आपल्या दोन मुली वाढविल्या होत्या. पोलिसाच्या त्या एका वाक्याने तिला डॉक्टरकडे नेले. तिचे पती मिल्टन वेक्सलर हे मनोविश्लेषक. तोवर दोघे विभक्त झाले होते, तथापि त्यांनी मुलींना समोर बसवून सारे काही, निम्म्या संभवासकट, सांगून टाकले, आणि लगेच कामास लागले. हॉलिवूडमधील अनेक नामांकित माणसे त्यांच्याकडे उपचारास येत असत. त्या ओळखींचा उपयोग त्यांनी असा केला की, तरुण शास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्या चर्चा घडवाव्या, लिहून आणलेली भाषणे वाचण्यास मनाई करावी, रात्री एखाद्या विख्यात नटीच्या घरी त्यांना जेवण द्यावे, आणि रोगाने हातपाय आवरत नसलेला एखादा रुग्ण त्यांच्यापुढे आणून बसवावा. ज्यांनी आयुष्यभर परीक्षानळ्या पाहिल्या त्यांना त्या दिवशी मनुष्य दिसे.

या धडपडीतूनच व्हेनेझुएलाच्या माराकायबो सरोवराकाठचा प्रवास घडला. तेथील बारँकितास, लागुनेतास अशा कोळ्यांच्या वस्त्यांत हा रोग जगात अन्यत्र कोठेही नाही इतका दाट पसरलेला असल्याचे अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरने १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते. १९८१ पासून नॅन्सी वर्षानुवर्षे तेथे जात राहिली. तिच्या पथकाने अठरा हजारांवर माणसांची वंशावळ लिहून काढली आणि चार हजारांवर लोकांचे रक्त गोळा केले. परक्या देशातून आलेल्या गोऱ्या लोकांना आपले रक्त का द्यावे, असा रास्त संशय त्या कोळ्यांच्या मनात होता. तेव्हा पथकातील एका परिचारिकेने नॅन्सीचा दंड धरून तो सर्वांना फिरवून दाखविला: त्यावर त्वचेचा नमुना घेतल्याची एक लहानशी खूण होती, कारण नॅन्सीनेही, आपल्या आईच्या रोगापायी, आपला नमुना याच संशोधनाला दिलेला होता. ती आपल्यातलीच आहे, एवढे त्या खुणेने सांगितले, आणि माणसे पुढे सरसावली. १९८३ साली जेम्स गुसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच कुटुंबांच्या रक्ताच्या आधारे, रोगकारक जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर निश्चित केला. मार्जरी गथ्री त्याच वर्षी मरण पावली. प्रत्यक्ष जनुक हाती यावयास आणखी दहा वर्षे लागली. १९९३ साली सहा प्रयोगशाळांतील अठ्ठावन्न शास्त्रज्ञांनी मिळून तो शोध प्रसिद्ध केला.

आता अशा कुटुंबांकडून आपण काय मागावे आणि काय मागू नये, याकडे वळतो. १९८६ पासून रोग होण्यापूर्वीच तो होणार की नाही हे सांगणारी चाचणी उपलब्ध झाली, आणि ती शक्य करणाऱ्यांत जिचा वाटा सर्वाधिक त्या नॅन्सीला जो तो विचारू लागला, तुम्ही चाचणी केली काय? तिने पुढे कितीतरी वर्षे या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. काहींना हे चमत्कारिक वाटले. मला ते सर्वथा योग्य वाटते. इलाज नसलेल्या रोगाचे भविष्य जाणून घ्यावे की न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या हयातीचा प्रश्न आहे. ज्या माणसांना हा धोका आहे त्यांपैकी बहुसंख्य लोक आजही ती चाचणी करीत नाहीत, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या डोक्यावर ती तलवार टांगलेली नाही त्याला मुळीच पोचत नाही. मौनाचा तोच हक्क नॅन्सीने स्वतःसाठी राखला, आणि त्याच काळात मानवी जनुकप्रकल्पाच्या नैतिक, कायदेविषयक व सामाजिक परिणामांचा विचार करणाऱ्या गटाचे अध्यक्षपद भूषवून इतरांसाठीही त्याची तरफदारी केली. २०२० साली, सत्तरी उलटल्यावर आणि लक्षणे लपण्याजोगी न राहिल्यावर, आपणांसही हा रोग जडल्याचे तिने स्वतःहून जाहीर केले. त्या वेळी तिच्या कार्याला पन्नास वर्षे होत आली होती. कार्य आधी झाले, प्रकटन सवडीने आले. या क्रमावरून आपण एवढे तरी शिकावे की, नामवंत माणसाच्या आजाराची खबर काढण्यासाठी त्याच्या इस्पितळाच्या दाराशी कॅमेरे लावून बसणे, त्याची चाल अडखळली की तर्ककुतर्क छापणे, याला जनजागृती हे नाव देणे ही शुद्ध वंचना आहे. ज्याला सांगावयाचे असेल तो सांगेल. ज्याला न सांगता काही करावयाचे असेल, त्याला ते करू द्यावे.

याच इतिहासात एक मोठे ऋण थकलेले आहे, आणि ते न सांगता पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटेल. ज्या कोळ्यांच्या रक्तातून जनुक सापडले, त्यांच्या वस्त्यांत दारिद्र्य जसेच्या तसे राहिले. वेक्सलर कुटुंबाने या रोगाच्या संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेच्या साहाय्याने माराकायबोत १९९९ साली रुग्णांसाठी एक काळजीगृह उभे राहिले, परंतु पुढे पैशाअभावी तेही बंद पडले, आणि त्या देशाच्या आर्थिक विपत्तीत रुग्णांचे हाल कल्पनेपलीकडे गेले. अंगाच्या अनैच्छिक हालचाली काहीशा आवरणाऱ्या औषधाला अमेरिकेत २००८ साली मंजुरी मिळाली; चाचणी तर जगभर होऊ लागली; त्यांतील कितीसे त्या सरोवराकाठी पोचले? २०१७ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये हंटिंग्टनच्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना बोलावून घेतले, व्हेनेझुएलातूनही माणसे तेथे आली, आणि यापुढे हा रोग कोणी लपवू नये असे धर्मगुरूंनी सांगितले. तो दिवस त्या माणसांच्या आयुष्यात खचितच मोठा. पण रुग्णाला जगापुढे आणल्यानंतर त्याच्या घरी औषध, अन्न आणि माणूस पोचविण्याची जबाबदारी कोणी तरी पत्करावी लागते, आणि ती पत्करण्यास कीर्ती एकटी पुरत नाही. तेथे शासन लागते.

महाराष्ट्रात या विचाराला आधार मिळावा असे काही घडले आहे. धुळे जिल्ह्यात जन्मलेले आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी, पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव गाठीशी बांधून, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या चित्रपटामागे आपले बळ उभे केले. स्किझोफ्रेनिया मनोविकारांत आणि हंटिंग्टनचा रोग मज्जाविकारांत, असा भेद वैद्यकशास्त्र करते. समाजाच्या तुच्छतेने तो कधीच पाळलेला नाही. त्याच दिग्दर्शकद्वयाच्या 'अस्तु' या २०१३ सालच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेला संस्कृत पंडित उभा केला, आणि कित्येक मराठी घरांना आपल्या आजोबांच्या वागण्याचा अर्थ त्या दिवशी उमगला. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांत रुग्ण आणि त्यांचे आप्त एकत्र येतात. तेथे थरथरणारा हात खिशात लपविण्याचे कारण उरत नाही.

पण शहराबाहेर पडले की चित्र पालटते. माणसाचे हातपाय आवरेनासे झाले की गाव म्हणते, नशा करतो. बाईची चाल बिघडली, बोलणे अडखळले, की बाहेरची बाधा झाली असावी म्हणून देवऋषी बोलावला जातो. सोयरीक जुळत असता वधूपक्षाने विचारलेच, तर चुलता 'तसा जरा विक्षिप्त आहे' एवढ्यावर विषय मिटविला जातो, आणि 'घरातली गोष्ट घरात राहू दे' अशी तंबी पोरांना मिळते. या लपवाछपवीला दोष देणे फार सोपे आहे. मी तो देणार नाही. ज्या समाजात एका माणसाच्या निदानाने त्याच्या सर्व भावंडांची लग्ने अडतात, तेथे मौन ही त्या कुटुंबाने आपल्या पोरांसाठी उभारलेली एकमेव तटबंदी असते. ती पाडावयाची तर तिच्या जागी कायद्याची तटबंदी आधी उभी करावी लागेल.

कायद्याची स्थिती काय आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचे सदर आले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु त्या सदराखाली नावे आहेत ती मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन या दोनच विकारांची, ती उदाहरणादाखल आहेत हे खरे. पण जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर दाखला मागणाऱ्या मनुष्याला 'तुमच्या आजाराचे नाव यादीत नाही' एवढे उत्तर परत पाठविण्यास पुरते. हंटिंग्टनचे नाव तेथे नाही, स्मृतिभ्रंशाचेही नाही. आनुवंशिक दोषाच्या कारणाने नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारू नये, असा स्वतंत्र कायदा अमेरिकेने २००८ साली केला. आयुर्विमा त्यातून वगळला गेला, ही त्यातील मोठी उणीव. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदाच नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक विकार सरसकट वगळणारी विम्याची अट भेदभावाची ठरविली होती. न्यायालयांनी एकेका मामल्यात जे करावयाचे ते ती करतील, पण विधिमंडळाचे काम त्याने संपत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, महाराष्ट्र शासनाने मेंदूच्या दीर्घकालीन व आनुवंशिक विकारांविषयी एक चौकशी आयोग नेमावा, आणि त्याचे अध्यक्षपद एखाद्या निवृत्त सचिवाला न देता, ज्याच्या घरात असा आजार आहे आणि ज्याचे नाव सर्वपरिचित आहे अशा मनुष्यास द्यावे. नट असो, गायक असो, खेळाडू असो. त्याने आपल्या घरातील तपशील सांगितलाच पाहिजे अशी अट त्यास नसावी. त्याच्या नावाने लोक जमतील आणि मंत्रालयातील दारे उघडतील, एवढे पुरे. सुनावण्या मुंबई-पुण्यात न संपविता नंदुरबार, गडचिरोली, सिंधुदुर्ग, परभणी येथपर्यंत न्याव्या, जेथे मज्जातज्ज्ञ गाठावयाचा तर रुग्णाला दिवसभराचा प्रवास करावा लागतो. जबानी देणाऱ्याने मागणी केल्यास ती बंद दाराआड घ्यावी, त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव अहवालात येऊ देऊ नये. दाखल्याची यादी, शुश्रूषा करणाऱ्या आप्तास निर्वाहवेतन, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आनुवंशिक सल्ल्याची सोय, आणि विम्यातील भेदभावास मनाई, एवढे चार विषय आयोगाच्या कार्यकक्षेत स्पष्ट लिहिलेले असावे, आणि त्याचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर एका वर्षाच्या आत ठेवण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे.